वळणावरील पकड आणि सस्पेन्शनची जुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे रस्त्यावर चालणाऱ्या साध्या गाडीत मर्यादित बदल करून ती बंदिस्त ट्रॅकवर, ऑटोक्रॉसमध्ये (आखलेल्या छोट्या मार्गावरील एकेकट्याची वेळेची धाव) किंवा हिल क्लाइम्बमध्ये (घाटरस्ता चढण्याची वेळेची स्पर्धा) उतरवणाऱ्या हौशी स्पर्धकांसाठी आहेत. मोठे विंग लावलेल्या आणि वाहत्या हवेने खाली दाबल्या जाऊन पकड मिळवणाऱ्या गाड्यांचे गणित निराळे असते. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पकड टायर देतो, मग सस्पेन्शनला हात का लावायचा?

टायर किती पकड देईल हे दोन गोष्टींवर ठरते : त्याच्यावर किती भार आहे आणि त्याचा रस्त्याला टेकणारा पट्टा किती सपाट टेकला आहे. या दोन्ही गोष्टी सस्पेन्शनच्या हाती असतात. भार वाढला की टायरची पकड वाढते हे खरे, पण ती भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केल्यास पकड दुपटीपेक्षा कमीच भरते. त्यामुळे वळणावर आतल्या चाकाचा भार बाहेरच्या चाकावर जितका जास्त सरकेल, तितकी त्या दोन चाकांची मिळून होणारी पकड घटते. सस्पेन्शनची जवळजवळ सगळी जुळणी या एका गुणधर्माभोवती फिरते.

कडक स्प्रिंग बसवल्या की वळणावर भार कमी सरकतो, हे खरे आहे का?

नाही, आणि हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. एकूण किती भार सरकेल हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि वळण्याचा जोर यांवर ठरते. समजा गाडी १,२०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटरवर आहे आणि चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे. अशी गाडी एक जी इतक्या, म्हणजे स्वतःच्या वजनाएवढ्या, जोराने वळत असेल तर सुमारे ४०० किलोचा भार आतून बाहेर सरकतो. स्प्रिंग मऊ असो वा कडक, या आकड्यात नगण्य फरक पडतो. कडक स्प्रिंगने गाडी कमी कलते, आणि कमी कलणे म्हणजे कमी भार सरकणे असे आपण मनात धरून बसतो.

स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारा दांडा) यांच्या हाती राहते ती या ४०० किलोंची वाटणी. गाडीचे जे टोक कलण्याला जास्त विरोध करते, ते टोक या भारातला मोठा वाटा स्वतःकडे घेते आणि तेथील दोन टायरांची एकत्रित पकड तेवढी घटते. पुढचे टोक तुलनेने कडक असेल तर पुढची पकड आधी संपते, म्हणजे गाडी अंडरस्टिअर करते. मागचे टोक कडक असेल तर मागची बाजू आधी सुटते, म्हणजे ओव्हरस्टिअर होते. हे एकदा नीट उमगले की पुढच्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे वाचकाला स्वतःच काढता येतात.

बदल कोणत्या क्रमाने करावेत?

आधी गाडीची तपासणी, मग टायर आणि हवा, त्यानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन, म्हणजे पुढे येणारे कॅम्बर, टो आणि कॅस्टर), मग अँटी-रोल बार, नंतर स्प्रिंग आणि सर्वांत शेवटी डॅम्परचे, म्हणजे शॉकअब्सॉर्बरचे, बारीक समायोजन. प्रत्यक्षात अनेक जण उंची आणि डॅम्पिंग दोन्ही बदलता येणारे महागडे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचे एकत्र संच) आधी बसवतात आणि मूळ अलाइनमेंटवरच ट्रॅकवर जातात. असे केल्याने गाडी कडक होते, पण वेगवान होतेच असे नाही. योग्य कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) मिळालेली मूळ स्प्रिंगची गाडी चुकीच्या कॅम्बरवरील कॉइलओव्हरच्या गाडीला वळणावर सहज गाठू शकते.

तपासणीत नेमके काय पाहावे?

व्हील बेअरिंगमधील ढिलाई, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेचे) बुश, शॉकअब्सॉर्बरमधून होणारी तेलगळती आणि तुटलेले किंवा वाकलेले लिंक पाहावेत. यातली एखादी गोष्ट सैल असेल तर अलाइनमेंटच्या यंत्रावर दिसलेला आकडा वळणावर टिकत नाही, कारण जोर आला की चाक आपली दिशा स्वतःच बदलते. सस्पेन्शनचे काम केल्यानंतर सर्व बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळावेत आणि पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत. गाडी उचललेली असताना आवळल्यास बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

महत्त्वाचा असतो तो गरम टायरचा दाब. थंड टायरचा दाब ही केवळ तिथे पोहोचण्याची सुरुवात आहे. २० अंश सेल्सिअसला ३० पीएसआय हवा असलेला टायर आतून ६० अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे ३६ पीएसआय होतो. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय, असा हिशेब धरावा. टायरच्या उत्पादकाने ट्रॅकसाठी गरम दाब सुचवला असेल तर तेथून सुरुवात करावी, फेऱ्या संपवून गाडी पिटमध्ये येताच लगेच दाब मोजावा आणि एका वेळी एक-दोन पीएसआयचाच फरक करावा. फार कमी हवेत टायरची बाजू दुमडते आणि स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते. फार जास्त हवेत मधला पट्टाच टेकतो आणि गाडी रस्त्यावरून घसरत राहते.

ऑटोक्रॉसमध्ये धाव जेमतेम मिनिटभराची असते आणि टायर पुरता तापतच नाही. म्हणून सर्किटवर वापरलेला थंड दाब तेथे कमी पडतो आणि बहुधा थोडा वाढवावा लागतो.

कॅम्बर किती द्यावा?

वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि त्याबरोबर बाहेरचे चाकही कलून टायरच्या बाहेरच्या कडेवर चढू लागते. चाकाचा वरचा भाग आधीच आत झुकवून ठेवला, म्हणजेच निगेटिव्ह कॅम्बर दिला, तर नेमक्या भर वळणात टायर सपाट टेकतो. रस्त्यावरच्या गाड्यांना पुढे साधारणपणे शून्य ते उणे एक अंश कॅम्बर असतो. ट्रॅकवर चांगल्या पकडीचे टायर वापरताना पुढे उणे दोन ते उणे साडेतीन अंश हा प्रचलित पल्ला आहे आणि मागे बहुधा त्याहून थोडा कमी कॅम्बर ठेवतात.

गाडीत मॅकफर्सन स्ट्रट (खाली एक भुजा आणि वर डॅम्परच चाकाला धरतो अशी रचना) असेल तर या पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे जावे लागते, कारण त्या रचनेत सस्पेन्शन दबताना चाकाला मिळणारा वाढीव कॅम्बर फारच थोडा असतो. डबल विशबोनमध्ये, म्हणजे वर आणि खाली दोन भुजा असलेल्या रचनेत, भुजांच्या भूमितीमुळे तो बराच मिळतो, म्हणून तेथे उभ्या गाडीवर कमी कॅम्बर पुरतो. कॅम्बर हवा तितका वाढवत जाणेही उपयोगाचे नाही. एका मर्यादेनंतर सरळ रेषेतील ब्रेकिंगला टायरची फक्त आतली कड मिळते आणि ब्रेक मारताना चाके लवकर लॉक होऊ लागतात.

कॅम्बर बरोबर आहे हे कसे ओळखावे?

टायरच्या रबरात सुई खुपसून तापमान मोजणारा पायरोमीटर हे यासाठीचे सर्वांत उपयुक्त साधन आहे. फेऱ्यांनंतर गाडी थंड न करता थेट पिटमध्ये आणावी आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान लिहून घ्यावे. बाहेरची कड सर्वाधिक तापलेली असेल तर कॅम्बर कमी पडतो आहे. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्त, म्हणजे पाच ते आठ अंश सेल्सिअसने, गरम असणे ठीक समजले जाते, कारण सरळ रस्त्यावर आतल्या कडेवरच भार असतो. मधला भाग दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे आणि थंड असेल तर कमी आहे. लांबून किरण सोडून मोजणारा स्वस्त इन्फ्रारेड मापक फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो आणि तो पृष्ठभाग पिटमध्ये येईपर्यंत बराच निवलेला असतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर बारीक निर्णय घेऊ नयेत.

पायरोमीटर नसेल तर टायरच्या खांद्यावर, म्हणजे पृष्ठभाग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे, खडूने आडव्या रेघा ओढाव्यात. फेरीनंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला हे पाहून टायर किती दुमडतो याचा ढोबळ अंदाज येतो.

टो आणि कॅस्टरचे काय?

वरून पाहता चाकांची पुढची टोके किंचित बाहेर वळलेली असणे म्हणजे टो-आउट, आत वळलेली असणे म्हणजे टो-इन. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिल्यास गाडी वळणात तत्परतेने शिरते. एकूण एक-दोन मिलिमीटर पुरेसे असते. त्याहून जास्त दिल्यास सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि टायरची आतली कड झिजते. मागे शून्य किंवा थोडा टो-इन ठेवावा. मागच्या टो-आउटने पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळायला सोपी होते हे खरे आहे, पण वेगवान वळणात ब्रेकला पाय लागताच तिचे मागचे टोक सुटू शकते, म्हणून नवख्या चालकाने त्या वाटेला जाऊ नये.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव, वाढवल्याने स्टिअरिंग फिरवल्यावर बाहेरच्या चाकाला आपोआप जादा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो आणि सरळ रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागत नाही. स्टिअरिंग जड होते, एवढाच त्याचा उपद्रव. जितका कॅस्टर मिळत असेल तितका घ्यावा, फक्त डावा आणि उजवा समान ठेवावा. कॅम्बर किंवा उंची बदलली की टो बदलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी मोजून बसवावा.

गाडी जितकी खाली, तितकी चांगली का?

गुरुत्वमध्य खाली आला की एकूण सरकणारा भार कमी होतो, त्यामुळे काही प्रमाणात हे खरे आहे. मात्र मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत दुसरी बाजूही असते. गाडी फार खाली आणली की खालच्या कंट्रोल आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते. आर्म आणि स्ट्रट यांच्यातील काटकोन एकदा ओलांडला गेला की सस्पेन्शन दबताना चाकाचा खालचा भाग आत खेचला जातो आणि निगेटिव्ह कॅम्बर वाढण्याऐवजी घटतो. शिवाय गाडी ज्या बिंदूभोवती कलते ते रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जाते. दोहोंमधील अंतर वाढते आणि खाली आणलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलू लागते. टाय रॉडचा कोनही बिघडतो, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग न हलवता चाक दिशा बदलते. यालाच बम्प स्टिअर म्हणतात.

याहून घातक दोष म्हणजे संपलेला ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शनला वर-खाली हलायला उरलेली जागा. सस्पेन्शन बम्प स्टॉपवर (हालचालीच्या शेवटी असलेल्या अडथळ्याच्या गोळ्यावर) टेकले की त्या चाकाची कडकपणाची पातळी एका क्षणात अनेक पटींनी वाढते. हे पुढे घडले तर अचानक अंडरस्टिअर आणि मागे घडले तर अचानक ओव्हरस्टिअर होतो, आणि चालकाला त्याची पूर्वसूचना मिळत नाही. डॅम्परच्या दांड्यावर प्लॅस्टिकची बारीक पट्टी घट्ट बांधून ठेवल्यास फेरीनंतर ती कुठवर सरकली यावरून किती ट्रॅव्हल वापरला गेला हे समजते. ही तपासणी फुकटात होते आणि तरीही फार थोडे जण ती करतात. उंची कमी करायचीच असेल तर दोन-तीन सेंटिमीटरवर थांबावे. त्यापुढे जायचे असल्यास रोल सेंटर सुधारणारे लांब बॉल जॉइंट आणि त्यांना जुळणारी टाय रॉडची टोके यांचा विचार करावा.

स्प्रिंगचा कडकपणा कसा निवडावा?

स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि चाकाला प्रत्यक्ष जाणवणारा कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. चाक १० मिलिमीटर हलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटर दबत असेल तर मोशन रेशो ०.७ झाला. चाकाजवळचा कडकपणा काढताना या संख्येचा वर्ग घ्यावा लागतो. ६० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग अशा रचनेत चाकाजवळ सुमारे २९ न्यूटन प्रति मिलिमीटर इतकीच भरते. स्ट्रटमध्ये मोशन रेशो एकाच्या जवळ असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीतील आकडे उचलून आपल्या गाडीला लावणे व्यर्थ आहे.

तुलनेसाठी नैसर्गिक वारंवारता, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलते, हे माप सोयीचे पडते. रस्त्यावरच्या सामान्य गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या पल्ल्यात असतात, तर विंग नसलेल्या ट्रॅकच्या गाड्यांसाठी २ ते २.५ हर्ट्झ हे वाजवी लक्ष्य आहे. एका कोपऱ्यावर ३०० किलो स्प्रिंगवरील वजन आणि चाकाजवळ ३० न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा असेल तर वारंवारता सुमारे १.६ हर्ट्झ येते. तीच २ हर्ट्झवर न्यायची असेल तर सुमारे ४७ न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. ट्रॅक खडबडीत असेल तर खालचा आकडा धरावा. ज्या स्प्रिंगवर चाक खाचखळग्यांतून उडते, ती कितीही ‘रेसिंग’ म्हणून विकली जात असली तरी त्या ट्रॅकवर मंदच ठरते.

अँटी-रोल बार बदलल्याने किती फरक पडतो?

वाटते त्यापेक्षा बराच जास्त पडतो. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे २० ऐवजी २२ मिलिमीटरचा बार सुमारे ४६ टक्क्यांनी कडक असतो. बारच्या भुजेवर एकापेक्षा जास्त छिद्रे असतील तर लिंक आतल्या छिद्रात लावल्याने भुजा आखूड होऊन बार कडक होतो आणि बाहेरच्या छिद्रात लावल्याने मऊ होतो. पिटमध्ये काही मिनिटांत करता येणारा आणि लगेच उलटवता येणारा बदल म्हणून जुळणीत याचे स्थान वरचे आहे.

बारचा दोषही ध्यानात घ्यावा. तो डावे आणि उजवे चाक एकमेकांना जोडतो, त्यामुळे एका बाजूला कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) आला की दुसऱ्या चाकालाही हादरा बसतो. शिवाय तो आतल्या चाकावरचा भार उचलून घेतो. ज्या चाकांवर इंजिनाची ताकद जाते तेथील बार फार कडक केला आणि लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक नुसते फिरू न देणारी यंत्रणा) नसेल, तर वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरत राहते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे मागचे आतले चाक उचलले जाते. हे धोकादायक आहे का?

सहसा नाही. अशा गाडीत पुढची पकड वाचवण्यासाठी मागचे टोक मुद्दाम कडक ठेवतात आणि चाक उचलणे हा त्याचाच परिणाम असतो. मात्र चाक जमिनीवरून सुटले की मागच्या बाजूचा सरकण्याजोगा भार संपलेला असतो. त्यानंतर मागचा बार आणखी कडक करून काही हाती लागत नाही आणि वाढीव भाराची वाटणी पुढेच होते. त्या टप्प्यावर पुढच्या कॅम्बरकडे लक्ष द्यावे.

डॅम्परचे क्लिक कसे ठरवावेत?

डॅम्पर फक्त चाक किंवा गाडीचे अंग हलत असतानाच जोर लावतो. म्हणून वळणाच्या मध्यावर, गाडी एका बाजूला कलून स्थिरावलेली असताना, क्लिक (डॅम्परच्या समायोजकाचे टप्पे) बदलून फारसे साधत नाही. वळणात शिरताना, दिशा झपाट्याने बदलताना आणि बाहेर पडताना मात्र त्याचा प्रभाव ठळक असतो.

समायोजक पूर्ण बंद करून तेथून क्लिक मोजावेत, कारण पूर्ण उघडे टोक दोन डॅम्परमध्ये वेगळे असू शकते. बंद करताना जोर लावू नये. मधल्या स्थितीपासून आरंभ करून आधी रिबाउंड (डॅम्पर ताणला जातानाचा विरोध) हळूहळू वाढवावे. वळणानंतर गाडीचे डोलणे थांबले की तेथेच सोडावे. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त झाले तर दबलेले चाक पुढच्या उंचवट्याआधी परत खाली येत नाही, सलग उंचवट्यांवर गाडी खाली खाली बसत जाते आणि पकड कमी होते. बम्प (डॅम्पर दबतानाचा विरोध) जास्त झाले तर चाक खडबडीत भागावर उड्या मारते. समायोजकावर ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे लिहिलेले असेल तर तो वेग डॅम्परच्या दांड्याचा असतो, गाडीचा नव्हे. गाडीच्या कलण्यावर लो स्पीडचा आणि कर्बच्या हादऱ्यांवर हाय स्पीडचा परिणाम होतो.

गाडी अंडरस्टिअर करते. सुरुवात कोठून करावी?

ती वळणाच्या कोणत्या टप्प्यात करते, हे आधी ठरवावे. फक्त शिरताना होत असेल तर चालकाकडे पाहावे. झेपण्यापलीकडच्या वेगाने शिरल्यास किंवा ब्रेक झटक्यात सोडल्यास कोणतीही गाडी सरळच जाते. ब्रेक हळूहळू सोडत वळूनही दोष उरला तर पुढचे बम्प थोडे मऊ करावे किंवा थोडा टो-आउट द्यावा. वळणाच्या मध्यावर होत असेल तर दोष बहुधा पुढच्या कॅम्बरचा, हवेचा किंवा बारच्या वाटणीचा असतो : पुढचा बार मऊ करावा किंवा मागचा कडक करावा. शक्यतो ज्या टोकाची पकड कमी पडते ते मऊ करून पाहावे, दुसऱ्या टोकाची चांगली पकड बिघडवून समतोल साधण्याची घाई करू नये. बाहेर पडताना मागच्या चाकांवर चालणारी गाडी सरळ जात असेल तर गती देताना मागची बाजू फार बसून पुढची चाके हलकी होत आहेत का, ते तपासावे.

ओव्हरस्टिअरसाठी हेच तर्क उलटे लावावेत, पण मागचा टो आणि बम्प स्टॉप यांची तपासणी सर्वांत आधी करावी.

एकाच दिशेच्या वळणांत गाडी वेगळी वागते. असे का?

अलाइनमेंट दोन्ही बाजूंना समान असेल तर चारही चाकांखालचे वजन मोजावे. समजा पुढे डावीकडे ३६०, पुढे उजवीकडे ३४०, मागे डावीकडे २४० आणि मागे उजवीकडे २६० किलो भरले. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ५८० किलो, म्हणजे १,२०० किलोंच्या ४८.३ टक्के झाले. दुसरा कर्ण जड असल्याने ही गाडी उजव्या वळणांत अंडरस्टिअरकडे आणि डाव्या वळणांत ओव्हरस्टिअरकडे झुकेल. दोन्ही दिशांची वळणे असलेल्या ट्रॅकसाठी हा आकडा ५० टक्क्यांच्या जवळ आणावा. त्यासाठी हलक्या कर्णावरील स्प्रिंगच्या बैठका थोड्या वर आणि जड कर्णावरील थोड्या खाली कराव्यात, म्हणजे उंची फारशी बदलत नाही.

मोजताना चारही काटे एका पातळीत असावेत, चालकाच्या जागी चालक किंवा तेवढे वजन असावे, टाकीत स्पर्धेत असेल तेवढे इंधन असावे आणि अँटी-रोल बारचे लिंक एका बाजूने सोडलेले असावे. बैठका फिरवून पुढे-मागे किंवा डावे-उजवे यांचे एकूण प्रमाण बदलत नाही. त्यासाठी बॅटरीसारखे वजन प्रत्यक्ष हलवावे लागते.

पावसात जुळणी बदलावी का?

होय. पकड कमी असल्याने गाडी कमी कलते, म्हणून कॅम्बर थोडा कमी चालतो. बार मऊ करावेत, विशेषतः इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांकडचा, आणि डॅम्परही काही क्लिक मऊ करावेत. वेळ नसेल तर फक्त बार मऊ करावा.

एखादा बदल खरोखर उपयोगी पडला, हे कसे ठरवावे?

एका वेळी एकच बदल करावा, तो ठळक जाणवेल एवढा मोठा करावा आणि नंतर मूळ स्थितीवर परत जाऊन पुन्हा वेळ मोजावी. दिवस चढेल तसे ट्रॅकचे तापमान बदलते, टायर झिजतात आणि चालकाचा हात बसतो, त्यामुळे दुपारी आलेल्या चांगल्या वेळेचे श्रेय सकाळच्या बदलाला देणे सोपे असते. मूळ स्थितीत परतल्यावर वेळही परत वाढली, तरच बदल खरा मानावा. वहीत टायरचा दाब, तापमान, क्लिक, बारचे छिद्र आणि टप्प्यानुसार गाडीचे वागणे लिहावे. सर्वांत वेगवान फेरीबरोबरच सलग फेऱ्यांची सरासरीही नोंदवावी. एकच फेरी कमालीची वेगवान आणि बाकीच्या विस्कळीत देणारी जुळणी हौशी चालकाला शर्यतीत फारशी साथ देत नाही.

स्पर्धेच्या दिवशी जेमतेम वेळ असेल तर कशाला हात लावावा?

हवेच्या दाबाला, आणि त्यानंतर बारच्या छिद्राला किंवा डॅम्परच्या क्लिकला. अलाइनमेंट आणि उंची यांना पिटमध्ये घाईने हात लावू नये, कारण टो नीट मोजल्याशिवाय ते काम पूर्ण होत नाही. आपल्या गटाच्या नियमांत कोणते भाग बदलण्यास परवानगी आहे हे खरेदीच्या आधीच वाचून ठेवावे. अनेक गटांत बार किंवा डॅम्पर बदलता येतात, पण सस्पेन्शनचे जोडबिंदू हलवणे मान्य नसते.